केबल सोडताना स्टिक कोणती घ्यायची: मानवतच्या एका माळवदाच्या घराचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातलं मानवत. जुन्या गावातलं माळवदाचं घर, मातीच्या भिंती दोन-सव्वादोन फूट जाडीच्या. पुढं ढाळज, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर. घरात सहा माणसं: आजी, आजोबा, जिनिंगमध्ये कामाला असलेला मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी सून आणि दोन नातवंडं. माजघरात भिंतीवर ३२ इंची एलईडी टीव्ही, आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या निवाऱ्यावर, मागं ढेरी असलेला जुना २१ इंची टीव्ही. केबलचं बिल महिन्याला ३५० रुपये. वळवाचा वारा सुटला की गल्लीतून ओढलेली वायर तुटायची आणि जोडणारा माणूस येईपर्यंत टीव्ही बंद. फायबरचं नेट ढाळजेत आलेलं होतं, सून फोनवर मालिका पाहायला लागली होती. घरच्यांचा प्रश्न एवढाच होता: केबल काढायची, तर टीव्हीला कोणती स्टिक लावायची? स्टिक म्हणजे टीव्हीच्या मागच्या भोकात खोचून नेटवरच्या मालिका पडद्यावर आणणारं बोटाएवढं उपकरण.

प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला स्टिकपासून सुरुवात केली की पैसे वाया जातात. या सगळ्या मांडणीत स्टिक ही सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू. घराच्या भिंती, टीव्हीच्या मागची भोकं, वर्गणीचा प्रकार आणि रिमोट कुणाच्या हातात राहणार, या चार गोष्टी बदलत नाहीत. म्हणून या घरात आधी त्या पाहिल्या आणि खरेदी शेवटी ठेवली.

कोण काय पाहतं

एका आठवड्यात टीव्ही कधी, कुणासाठी, कशावर लागला याची नोंद सुनेनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर ठेवली. केबलवर दोनशेच्या वर चॅनेल येत होते. घरात पाहिले जात होते सात. संध्याकाळी सात ते साडेदहा आजीच्या मालिका, स्टार प्रवाह आणि झी मराठीवर. आजोबांना सकाळी बातम्या आणि कीर्तन. मुलाला क्रिकेट. नातवंडांना कार्टून, आणि त्याहून जास्त यूट्यूब.

मग प्रत्येक चॅनेलसमोर त्याचं अ‍ॅप लिहिलं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर. हे अ‍ॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्नी प्लस हॉटस्टार एक होऊन तयार झालं. झी मराठी झी फाइव्हवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. एबीपी माझा, टीव्ही नाईन मराठी, झी चोवीस तास, साम या बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. कीर्तनं तर यूट्यूबवर हवी तेवढी. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या हंगामांचे डिजिटल हक्क जिओहॉटस्टारकडे आहेत. म्हणजे या घराला पैसे देऊन घ्यायची अ‍ॅप दोनच: जिओहॉटस्टार आणि झी फाइव्ह. सोनी मराठीची एकच मालिका पाहिली जात होती, तीही कधीमधी, ती सोडली. हा निर्णय कागदावर झाला म्हणून सोपा गेला. टीव्हीसमोर बसून कुणीच काही सोडत नाही.

इथंच पहिली अडचण दिसली. मुलाचं म्हणणं होतं, हॉटस्टार तर रिचार्जसोबत फुकट मिळालंय, वेगळे पैसे कशाला? रिचार्जवर मिळणारी वर्गणी बहुतेक वेळा फक्त मोबाइलपुरती असते. त्याच नंबरनं टीव्हीवर लॉगिन केलं की प्लॅन वाढवा अशी पाटी येते. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅनही फोन आणि टॅबलेटपुरताच आहे. टीव्हीसाठी निदान १९९ चा लागतो. स्टिक महाग असो की स्वस्त, वर्गणी मोबाइलची असेल तर पडद्यावर काहीच येणार नाही. म्हणून स्टिक घ्यायच्या आधी अ‍ॅप उघडून प्लॅनच्या नावापुढं ‘मोबाइल’ लिहिलंय का ते बघायचं, आणि एका वेळी किती पडद्यांवर चालतं तेही. माजघरात आजी मालिका पाहत असताना मुलाला फोनवर सामना लावायचा असेल, तर एका पडद्याचा प्लॅन रोज भांडणं लावणार.

टीव्हीच्या मागं

टीव्ही २०१४ चा. पॅनल एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८. मागं दोन एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच तारेतून घेणारी भोकं), एक यूएसबी. चित्र स्वच्छ, आवाज बरा. नवा स्मार्ट टीव्ही घ्यावा असा विचार एकदा झाला, पण तो लगेच मागं पडला. चांगल्या पॅनलचा टीव्ही केवळ अ‍ॅपसाठी टाकून देणं बरोबर नाही. शिवाय स्वस्त स्मार्ट टीव्हीतली अ‍ॅप तीन-चार वर्षांत संथ होतात आणि मग त्याच टीव्हीला पुन्हा स्टिकच लावावी लागते.

या टीव्हीला सीईसी नव्हतं. एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीला चालू-बंद आणि आवाजाचे हुकूम देण्याची ही सोय. ती नसेल तर स्टिकचा रिमोट टीव्हीचा आवाज वाढवू शकत नाही, जोवर त्या रिमोटला टीव्हीच्या साध्या रिमोटसारखा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा नाही. त्या वेळी ही बाब किरकोळ वाटली होती. शेवटी निर्णय तिनंच केला.

यूएसबीच्या भोकातून स्टिकला वीज द्यायची इच्छा सगळ्यांनाच होते, कारण एक अडॅप्टर वाचतो. जुन्या टीव्हीचं यूएसबी २.० भोक साधारण अर्धा अँपिअर देतं. स्टिकला एक अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतो. मेनूत फिरताना चालून जातं, पण चित्र सुरू झालं आणि वायफाय जोरात चाललं की स्टिक स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होते. लोक मग स्टिकला नावं ठेवतात. या टीव्हीजवळ एकच सॉकेट होतं, म्हणून चार भोकांचा स्पाइक बस्टर आधीच आणून ठेवला.

नेट मोजलं ते रात्री आठ वाजता

प्लॅन ४० एमबीपीएसचा (हे नेटच्या वेगाचं माप). राउटर ढाळजेत, कारण फायबरची तार रस्त्याकडून तिथंच आली. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं; हा राउटर फक्त २.४ चा. ढाळज आणि टीव्ही यांच्यात मातीच्या दोन भिंती. फोनवर फास्ट डॉट कॉम उघडून दोन ठिकाणी मोजलं: ढाळजेत ३७, आणि टीव्हीच्या पाठीशी फोन धरल्यावर २.८. सकाळी अकरा वाजता हाच आकडा ९ होता. मोजायचं ते मालिकांच्या वेळेला. तेव्हाच गल्लीतली सगळी घरं नेटवर असतात आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. आणि मोजायचं ते टीव्हीच्या मागं, खाटेवर बसून नाही, कारण स्टिक टीव्हीचा पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत राहणार असते.

नेटफ्लिक्स ७२० पी चित्रासाठी ३, १०८० पी साठी ५ आणि फोरके या त्याहून बारीक चित्रासाठी १५ एमबीपीएस सांगतं. २.८ म्हणजे चित्र कधी गढूळ, कधी गोल फिरणारं चक्र. या वेगावर कुठलीही स्टिक लावली असती तरी पहिल्याच रात्री आजीनं केबल परत मागितली असती. मातीची आणि दगडी भिंत वायफाय गिळते, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर तर २.४ पेक्षाही कमी पार जाते. त्यामुळे ‘ड्युअल बँड राउटर घ्या’ हा दुकानातला सल्ला अशा घरात अर्धाच कामाचा. नवा राउटर ढाळजेतच ठेवला तर माजघरात फरक पडत नाही. वायफाय वाढवणारा रिपीटरही नको: तो जिथं लावाल तिथं आधीच पडलेलाच सिग्नल पुढं ढकलतो, आणि त्याच लहरीवर घेणं-देणं करताना वेग आणखी निम्म्यावर येतो.

उपाय तारेचा. ढाळजेतल्या राउटरपासून तुळईच्या कडेनं माजघरापर्यंत १८ मीटर कॅट सिक्स, म्हणजे नेटची इथरनेट तार ओढली. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात लांबीची काळजी नाही. तार घेताना शुद्ध तांब्याची मागायची. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण वळवली की आतून तुटते. दोन्ही टोकांना आरजे ४५ कनेक्टर एकाच क्रमानं: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवलं, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत येत नाही.

माजघरात टीव्हीपासून पाच फुटांवर दुसरा, दोन्ही पट्ट्यांचा साधा राउटर बसवला. तो दीड हजारात मिळाला. त्याचं काम फक्त वायफाय वाटण्याचं, म्हणून सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड निवडला. हा पर्याय नसलेल्या राउटरला हेच हातानं करावं लागतं: मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२ करायचा, डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं, आणि येणारी तार वॅनच्या नव्हे तर लॅनच्या भोकात लावायची. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि घरातला एखादा फोन अचानक ‘इंटरनेट नाही’ म्हणतो. मग कारण सापडत नाही. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं आणि वायफायचा चॅनेल ३६ ठेवला. रात्री आठ वाजता टीव्हीच्या मागं ३५ आले.

डेटा पुरेल का, हा सुनेचा प्रश्न योग्य होता. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात. दिवसाला सहा तास धरले तर १८ जीबी, महिन्याला ५४०. त्यांच्या फायबर प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबी, त्यामुळे चिंता नाही. हाच हिशेब मोबाइलच्या हॉटस्पॉटला लावला की रोजचे दोन जीबी चाळीस मिनिटांत संपतात. फोनच्या नेटवर टीव्ही चालवायचा विचार तिथंच संपतो.

आता स्टिक

समोर चार पर्याय होते. नेट कंपनीचा सेट टॉप बॉक्स, अनोळखी नावाचा दोन हजारांचा ‘फोरके अँड्रॉइड बॉक्स’, गुगल टीव्ही असलेली स्टिक आणि अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक.

नेट कंपनीचा बॉक्स अडकवून ठेवतो. तो त्याच कंपनीच्या नेटसोबत येतो. नेट बदललं की परत करावा लागतो. मानवतसारख्या गावात एका कंपनीची सेवा ढासळली की दुसरीकडं जाण्याची मोकळीक हवीच.

अनोळखी बॉक्सबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो सर्रास विकला जातो. बाहेर लिहिलेलं असतं ८ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, फोरके. आत टीव्हीचं नव्हे, फोनचं अँड्रॉइड असतं. म्हणून रिमोटनं बाण हलवत बसावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट परवान्याची. पैसे देऊन पाहायची अ‍ॅप चित्र कुलूपबंद पाठवतात. त्या कुलपाची पातळी, वाइडवाइन, एल १ असेल तर एचडी मिळतं. एल ३ असेल तर नेटफ्लिक्ससारखं अ‍ॅप ४८० पीच्या पुढं जात नाही, किंवा बॉक्सवर बसतच नाही. विकत घेतलेला बॉक्स तपासायचा असेल तर डीआरएम इन्फो नावाचं अ‍ॅप ही पातळी दाखवतं, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये उपकरण प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. शिवाय अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घुसखोर सॉफ्टवेअर येतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स २.० या नावानं याबद्दल जाहीर इशारा दिला. ज्या वायफायवर घरातली बँकेची अ‍ॅप चालतात त्याच वायफायवर असा बॉक्स जोडणं धोक्याचं आहे. वर्षभराची सगळी चॅनेल हजार रुपयांत, असं सांगून विकलेले बॉक्स तर चोरीच्या प्रसारणावर चालतात आणि कधीही बंद पडतात.

राहिल्या दोन स्टिक. दोन्ही प्रमाणित, दोन्हीवर लागणारी तिन्ही अ‍ॅप, दोन्ही एल १. गुगलच्या स्टिकवर फोनमधून कास्ट करणं, म्हणजे फोनवरचं चित्र टीव्हीवर पाठवणं सोपं आणि अ‍ॅपचं दुकान मोठं. नातवंडांचं मत तिकडं होतं. पण बाजारात पाहिलेल्या गुगल टीव्ही स्टिकच्या रिमोटला इन्फ्रारेड नव्हतं, आणि टीव्हीला सीईसी नव्हतं. म्हणजे टीव्ही चालू करायला एक रिमोट, मालिका लावायला दुसरा. आजीची डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी एकच अट घातली होती: "दोन-दोन रिमोट मला देऊ नका, माय. एकानं लागलं पायजे."

फायर टीव्हीच्या नेहमीच्या रिमोटला इन्फ्रारेड आहे. स्टिकशी तो ब्लूटूथनं बोलतो आणि टीव्हीचा आवाज, चालू-बंद इन्फ्रारेडनं करतो. त्याच कंपनीच्या लाइट मॉडेलच्या रिमोटला मात्र ही बटनंच नाहीत. थोडे पैसे वाचवायला लाइट घेणाऱ्याला हे घरी आल्यावर कळतं. जुना साठा अजून दुकानात दिसतो, म्हणून खोक्यावरच्या चित्रात आवाजाची बटनं आहेत का ते बोटानं दाखवून घ्यायचं.

मग एचडी की फोरके? टीव्ही ७६८ रेषांचा आहे, तिथं फोरकेचं चित्र दिसणारच नाही. तरीही फोरके मॉडेल घेतलं, ते रॅमसाठी. एचडीच्या स्टिकमध्ये १ जीबी रॅम, दुसऱ्या पिढीच्या फोरके स्टिकमध्ये २ जीबी. जिओहॉटस्टारसारखं जड अ‍ॅप १ जीबीवर उघडायला वेळ घेतं, आणि दुसऱ्या अ‍ॅपमधून परत आलं की पहिलं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हाताऱ्या माणसाला वाटतं बटन लागलं नाही. ते परत-परत दाबतात आणि भलतंच काही उघडतं. हे जास्तीचे पैसे आजीच्या बोटांसाठी आहेत. साठवणीची जागा दोन्हीत ८ जीबीच, आणि त्यातली बरीच सिस्टिम खाते. त्यामुळे सहा-सात अ‍ॅपच्या पुढं जायचं नाही, आणि गेम तर नकोच.

बसवणं

स्टिक थेट टीव्हीत न खुपसता खोक्यातली छोटी एचडीएमआय वाढीव तार वापरली. यात दोन फायदे. स्टिक पॅनलच्या पत्र्यापासून दूर येते आणि वायफाय नीट मिळतं, आणि उष्णता. मानवतला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. माळवद आत थंड ठेवतं खरं, पण टीव्हीच्या मागच्या जाळीतून येणारी गरम हवा वर जाते, आणि वरच्या भोकात लावलेली स्टिक तीच हवा खाते. तापली की चित्र अडखळतं आणि पडद्यावर गरम झाल्याची सूचना येते. या घरात स्टिक खाली लोंबती, मोकळ्या हवेत ठेवली. पत्र्याच्या घरात याला पर्यायच नाही.

खातं उघडताना मोबाइल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्यायचा. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यानं आपल्या नंबरावर सगळं जोडून द्यायची तयारी दाखवली होती. त्याचं म्हणणं मायेचं होतं, पण अ‍ॅपनं मधेच लॉगिन मागितलं की ओटीपी पुण्याला जाणार आणि तो कॉलेजात असणार. सुनेचा नंबर दिला.

उपकरण नियंत्रणाच्या सेटिंगमध्ये टीव्हीची कंपनी निवडली. पहिल्या कोडला आवाज वाढला नाही, दुसऱ्याला वाढला. यादीत नाव नसलेल्या, गावात जुळवलेल्या टीव्हीला हे जमत नाही आणि मग एका रिमोटचा फायदा जातो; असा टीव्ही असेल तर हे खरेदीआधी तपासायला हवं.

चित्राच्या चारही कडा कापल्या जात होत्या, बातम्यांची खालची पट्टी अर्धीच दिसत होती. जुने टीव्ही चित्र थोडं ताणतात. आधी टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फुल’ शोधायचं. नसेल तर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कडा जुळवायच्या. इथं पहिल्यानंच काम झालं.

मग मुखपृष्ठ आवरलं. पसंतीच्या सेटिंगमध्ये आपोआप सुरू होणारे जाहिरातवजा व्हिडिओ आणि त्यांचा आवाज बंद केला. जिओहॉटस्टार, झी फाइव्ह, यूट्यूब ही तीन अ‍ॅप या क्रमानं सगळ्यात पुढं आणली: अ‍ॅपवर थांबून तीन रेघांचं बटन दाबलं की पुढं नेण्याचा पर्याय येतो. खरेदीला पिन लावला. यूट्यूबमध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल केलं. अलेक्सा हिंदी आणि इंग्रजी समजते, मराठी नाही. म्हणून बोलून शोधण्यावर भिस्त ठेवली नाही. दोन्ही अ‍ॅपमध्ये आजीच्या पाच मालिका वॉचलिस्टमध्ये टाकल्या, म्हणजे अ‍ॅप उघडलं की वरच्या ओळींतच सापडतात.

केबलवर सात वाजले की मालिका आपोआप लागते. अ‍ॅपवर ती लावावी लागते. नव्या वस्तूत म्हाताऱ्या माणसाला खरा जड जाणारा बदल हाच आहे, आणि तो कुठल्याच स्टिकनं सुटत नाही. सुनेनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून टीव्हीखाली लावल्या: चालू-बंदचं बटन, घराचं बटन, मधलं गोल बटन, पहिलं चित्र. टीव्हीचा जुना रिमोट कपाटात ठेवला, कारण त्यावरचं सोर्सचं बटन चुकून दाबलं की ‘नो सिग्नल’ येतं आणि सगळं बिघडलं असं वाटतं.

पुढं काय अडलं

क्रिकेट मागं पडतं. नेटवरचा सामना केबलच्या किंवा डिशच्या मागं अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो. शेजारी आरडाओरडा झाला की इथं गोलंदाज अजून धावतच असतो. सेवा अशाच रीतीनं बनलेली आहे; राउटर किंवा स्टिक बदलून हे जात नाही. मुलाला हे आधीच सांगितलं होतं म्हणून त्यावरून वाद झाला नाही.

वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालत होते, पण ढाळजेतल्या राउटरचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हतं. ते जोडून घेतलं. राउटरला बारा वॅट, स्टिकला पाचेक, टीव्हीला पन्नासच्या आसपास. इन्व्हर्टरवर हा बोजा काहीच नाही. घरात सगळं चालू असूनही राउटरवर एलओएसचा, म्हणजे बाहेरून सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा असेल तर दोष बाहेर, एकतर तार तुटली किंवा कंपनीच्या पेटीतली वीज गेली. अशा वेळी स्टिक रीसेट करत बसू नये. लॉगिनं पुसली जातात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

आखाड्यावर

आजोबा दुपारी आखाड्यावर असतात. तिथल्या टीव्हीला एचडीएमआय नाही, पिवळी-पांढरी-लाल अशी तीनच भोकं. एचडीएमआयचं एव्ही करणारी डबी चार-पाचशेत मिळते आणि मुलानं ती आणायचं ठरवलंही होतं. आणली असती तर पडद्यावरची अक्षरं वाचता आली नसती, चित्र वर-खाली काळ्या पट्ट्यांत बसलं असतं, आणि पैसे भरलेल्या अ‍ॅपनं कुलूप जुळत नाही म्हणून काळा पडदा दाखवला असता. शिवाय तिथं नेट नाही.

तिथं डीडी फ्री डिश बसवली. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही. साठ सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीसमोरची सिग्नल पकडणारी डबी), आरजी सिक्स ही डिशची तार आणि एव्ही निघणारा बॉक्स असा एकदाच दीड-दोन हजारांचा खर्च. सह्याद्री येतं, बातम्या आणि काही खासगी वाहिन्याही येतात. खासगी वाहिन्या लिलावाप्रमाणे बदलतात, म्हणून एखादी गायब झाली तर बॉक्सवर पुन्हा स्कॅन करायचं. उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला. परभणीच्या पट्ट्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर दिसतो. छत्री मात्र तितकी आभाळाकडं वळलेली दिसत नाही, कारण ती ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. तिचा चेहरा पाहून अंदाज न बांधता कंसावरचा आकडा आणि बॉक्सवरची सिग्नल क्वालिटीची पट्टी बघायची. त्या दिशेला कडुलिंबाचं झाड होतं. पानं झडलेली असताना लावलेली छत्री पालवी फुटली की आंधळी होते, म्हणून खांब गोठ्याच्या पलीकडं रोवला आणि पायात सिमेंट भरलं.

केबलचा निरोप

केबल लगेच बंद केली नाही. एक महिना दोन्ही चालू ठेवलं, केबल दुसऱ्या एचडीएमआयवर. पहिल्या आठवड्यात आजी रोज कुणाला तरी हाक मारायच्या. तिसऱ्या आठवड्यात स्वतः लावू लागल्या, आणि दुपारी माहेरच्या माणसांशी बोलण्यात हुकलेला भाग संध्याकाळी पाहू लागल्या. ही सोय केबलवर नव्हती, आणि तिच्यामुळेच त्यांचं मन वळलं.

पैशांचा हिशेब मोठ्या बचतीचा नाही. केबलचे वर्षाला ४,२०० जात होते. दोन अ‍ॅपच्या वार्षिक वर्गण्यांना दोन हजारांच्या वर गेले. स्टिक, राउटर, तार आणि आखाड्यावरची डिश हा एकदाचा खर्च पहिल्या वर्षाची बचत पूर्ण खातो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांवरही जातो. ज्या घरात आधीच नेट नाही, तिथं नेटचं बिल धरलं तर केबल स्वस्त पडते, आणि तिथं केबल किंवा फ्री डिश हाच बरा मार्ग. या घरात नेट मुलांच्या अभ्यासासाठी आणि शाळेच्या कामासाठी होतंच.

अ‍ॅपच्या वर्गण्यांचं आपोआप नूतनीकरण बंद ठेवलं आणि संपण्याच्या तारखा त्याच कॅलेंडरवर लिहिल्या. केबलवाल्याकडंच गल्लीतलं नेट होतं, त्यामुळे केबल बंद करताना नेटचं खातं वेगळं आहे ना, हे आधी विचारून घेतलं. सेट टॉप बॉक्स, त्याचा अडॅप्टर आणि रिमोट परत देऊन बॉक्सच्या क्रमांकासह पोच घेतली. अनामत परत मिळायला आणि पुढं थकबाकीचा प्रश्न निघू नये म्हणून ती पोच लागते. छतावरून आलेली जुनी तार मात्र काढून गुंडाळली, कारण ती नव्या कॅट सिक्सच्या भोकाशेजारूनच आत येत होती आणि पहिल्या पावसात तिच्यावरून पाणी ओघळलं असतं.